चार रकाने, एक नदी

अक्कलकोटचे नाव सांगितले की परगावच्या माणसाच्या ओठावर हमखास हसू येते. 'म्हणजे अकलेचा कोट!' हा विनोद आम्ही रेल्वेच्या डब्यात ऐकला, पुण्याच्या वऱ्हाडात ऐकला, मुंबईच्या सरकारी कचेरीतही ऐकला. सांगणाऱ्याला दर वेळी वाटते की तो आपणच पहिल्यांदा केला. आम्हीही दर वेळी हसतो. गावची मेहमाननवाजी आहे ती.

पण त्या नावाकडे जरा थांबून पाहावे. भाविक मंडळी आमच्या गावाला प्रज्ञापुरी म्हणतात, म्हणजे त्यांनीही 'अक्कल' या शब्दाचा तोच अर्थ घेतला. गावाच्या नावाची खरी व्युत्पत्ती काहीही असो, 'अक्कल' हा शब्द मात्र मूळचा अरबी. 'अक्ल' फारसीच्या वाटेने मराठीत आली आणि इथे इतकी रुळली की अक्कल कोणाला असावी आणि कोणाला नसावी यावरचे सगळे वाद आपण तिच्याच नावाने घालतो. शेजारचा 'कोट' संस्कृताच्या घरचा. हे दोन शब्द एका वेशीत किती काळ नांदत आहेत! त्यांच्यात कधी भांडण झाल्याचे ऐकिवात नाही.

हे सारे आठवण्याचे कारण आमची नात. ती नववीत शिकते. शाळेतून तिला एक उपक्रम मिळाला. मोठ्या कागदावर चार रकाने आखायचे, त्यांना इतिहास, विज्ञान, निसर्ग आणि कला अशी नावे द्यायची आणि आपल्या तालुक्यातील माहिती त्यांत भरायची. पहिल्या रकान्यात तिने स्वामी समर्थ लिहिले, राजवाडा लिहिला, शस्त्रागार लिहिले. विज्ञानाचा रकाना कोरा होता. तिच्या मते विज्ञान बंगळूरला असते. निसर्गात 'झाडे, पक्षी' एवढेच होते. मग पेन्सिल खाली ठेवून तिने विचारले, "नाना, इसमें अपना क्या लिखना?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. पाण्याचा तांब्या कुठे आहे हे विचारावे तसे तिने विचारले. म्हणूनच आम्हाला ते लागले. हा प्रश्न आमच्या पिढीलाही पडत असे, पण आम्ही तो मनातल्या मनात विचारायचो. या प्रश्नाची दोन उत्तरे बाजारात तयार मिळतात. एक म्हणते, यात तुमचे काही नाही. दुसरे म्हणते, एकेकाळी सारे आपलेच होते. पहिले उत्तर बाहेरून येते, दुसरे घरातून. त्या दुसऱ्याला आपल्याकडे 'पदरम सुलतान बूद' म्हणतात. आमच्या घराण्यात तर सुलतान कोणी झालेला नाही. आमचे पणजोबा गावोगाव फिरून कापूस पिंजत आणि गाद्या भरत. सुलतानांच्या गाद्यांशी आमचा संबंध आलाच असेल तर तो कापसापुरता!

तेव्हा तिसरे उत्तर शोधणे भाग होते. आम्ही नातीला म्हटले, आधी नीट बघू, मग लिहू. पुढचे काही रविवार आम्ही दोघे हिंडलो.

सुरुवात राजवाड्यापासून केली. अक्कलकोट संस्थानाचे मूळपुरुष फत्तेसिंह भोसले. जन्माने ते भोसले नव्हते. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेकडे निघाले. वाटेत पारद गावच्या लोखंडे पाटलांनी त्यांना विरोध केला. लढाईत पाटील मारले गेले आणि त्यांच्या विधवेने आपले लहान मूल शाहूंच्या पायांवर घातले. शाहूंनी ते पोर जवळ केले, वाढवले आणि सुटकेनंतरच्या पहिल्या विजयाची आठवण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले. 'फतह' म्हणजे विजय, हाही अरबी शब्द. पुढे याच मानसपुत्राला अक्कलकोटची जहागीर मिळाली आणि आमच्या संस्थानाचा पाया घातला गेला.

नातीला आम्ही त्याच्याही मागची हकीकत सांगितली. शाहू महाराज स्वतः लहानपणी कैदी होते. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते. पुढची अठरा वर्षे त्यांनी मोगलांच्या छावणीत काढली. ती छावणी काही वर्षे आपल्याच जिल्ह्यात, भीमेकाठी माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीला होती. तिथे औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा हिने या राजपुत्राची काळजी वाहिली. शत्रूच्या घरी वाढलेल्या मुलाने पुढे शत्रूचे मूल आपल्या घरी वाढवले. त्या काळात रक्तपात झाला नाही असे कोणी म्हणणार नाही. शाहूंच्या वडिलांना कोणी आणि कसे मारले हे प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक आहे. पण इतिहासात तलवारीबरोबर असे हातही आहेत. ते वगळून सांगितलेला इतिहास अर्धा राहतो.

शस्त्रागारात तलवारी, कट्यारी, ढाली, बंदुका ओळीने मांडल्या आहेत. नातीने इतिहासाच्या रकान्यात 'तलवार' लिहिले. आम्ही म्हटले, विज्ञानातही लिही. ती गोंधळली. मग पोलादाची गोष्ट निघाली. दख्खनच्या कारागिरांना, विशेषतः आजच्या तेलंगणातल्या, एक कसब अवगत होते. ते लोखंड मातीच्या बंद मुशीत कोळशाबरोबर वितळवत आणि सावकाश निवू देत. त्यातून दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेले पोलाद तयार होई. त्याच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. हे पोलाद जहाजांतून पश्चिम आशियात जाई आणि तिथे त्याच्या तलवारी घडत. जगाने त्यांना दमास्कसच्या तलवारी म्हटले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये मायकेल फॅरेडे या पोलादाचे गुपित उकलण्याच्या खटपटीला लागला होता. युरोपीय लोक त्याला 'वूट्झ' म्हणत. ते नाव आले कानडी 'उक्कु'वरून, म्हणजे पोलाद. आणि आपला 'पोलाद' हा शब्द आला फारसी 'फौलाद'वरून. आमच्या बाजारात आजही भाजीवाली कानडीत भाव सांगते आणि गिऱ्हाईक मराठीत घासाघीस करते. एका तलवारीच्या पात्यावर ती दोन्ही माणसे हजर आहेत, शिवाय तिसरा अरबस्तानातला व्यापारीही.

स्वामी समर्थांचे नाव तिने आधीच लिहिले होते. १८५७ च्या सुमारास ते गावात आले आणि ३० एप्रिल १८७८ ला त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या आगमनाच्या दिवसाची एक कथा भाविक सांगतात. एका मुसलमान रिसालदाराने थट्टेने त्यांच्या हाती रिकामी चिलीम दिली आणि त्यांनी ओढताच तिच्यातून धूर निघाला. चमत्कारावर ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे विश्वास ठेवावा. आम्हाला त्या कथेतला रिसालदार महत्त्वाचा वाटतो. गावाने आपली सर्वांत लाडकी गोष्ट रचताना त्याला दाराबाहेर ठेवले नाही.

पुढचा रविवार नदीचा होता. अक्कलकोटला पाणी मिळते ते बोरी नदीवरच्या कुरनूर धरणातून. धरण कमी भरले की गावाच्या तोंडचे पाणी पळते. हीच बोरी आमच्याकडे येण्याआधी चाळीस किलोमीटरच्या आसपास वर, नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालते. तो किल्ला आता धाराशिव जिल्ह्यात येतो. तिथे विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, नदीवर दगडी बांध घातला गेला आणि बांधाच्या पोटातच एक महाल बांधला गेला. तोच पाणीमहाल. पावसाळ्यात बांध भरला की पाणी दोन बाजूंनी दोन धबधब्यांच्या रूपाने कोसळते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. मधल्या महालात उभे राहिले की समोर पाण्याचा पडदा दिसतो, कानात गर्जना भरते आणि महालात उभा असलेला माणूस कोरडाच राहतो.

नातीने तिथे पहिल्यांदा स्वतःहून विचारले, "भिंत वाहून कशी गेली नाही?" हा प्रश्न ऐकून आमचा प्रवासखर्च वसूल झाला. आम्ही तिला जमेल तसे सांगितले. खाली काळा बेसाल्ट आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले, त्यातलाच हा खडक. दगड सांधले आहेत ते चुन्यात. चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. त्या कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो फुलतो, मग त्यात वाळू मिसळून मळायचा. बांधकामात बसल्यावर तो हवेतला तोच वायू वर्षानुवर्षे परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. आणि पुराच्या पाण्याला अडवून धरण्याचा हट्ट इथे नाही. त्याला जायला दोन वाटा आधीच करून ठेवल्या आहेत. पाण्याचा जोर ओळखून त्याला वाट देणे हे गणित आहे. त्या वाटांतून पडणारे पाणी महालाच्या सज्जातून सुंदर दिसावे हा विचार कलेचा आहे. गणित कुठे संपले आणि कला कुठे सुरू झाली, हे त्या भिंतीत दाखवता येत नाही. नातीने कागद काढला, रकाने पाहिले आणि पाणीमहाल चारही ठिकाणी लिहिला.

या इब्राहिमची ओळख मराठी वाचकाला थोडीच असते. तो १५८० ते १६२७ या काळात गादीवर होता. संगीताचा त्याला नाद होता आणि त्याच्या तंबोऱ्याचे नाव होते मोतीखान. त्याने 'किताबे नौरस' नावाचा गीतसंग्रह रचला. गीते रागांनुसार मांडली आहेत. त्यांत सरस्वती आणि गणपती यांचे स्तवन आहे, गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांचेही आहे आणि लाडक्या तंबोऱ्याचेही. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. नऊ रसांवर ग्रंथ लिहिणारा मुसलमान बादशहा आणि तोही आपल्या नदीवर बांध घालणारा, हे ऐकून नात जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पुस्तक किस भाषा में लिक्खे उनो?"

दखनीत लिहिले, बेटी. तू आत्ता ज्या भाषेत विचारलेस तिच्याच जुन्या रूपात.

इथे जरा थांबणे जरूर आहे, कारण आमच्या मते खरी अडचण इथे आहे. आमच्या घरातील भाषेची आम्हाला लाज वाटत आली आहे. लखनौकडचा पाहुणा आला की आम्ही 'नक्को' गिळतो आणि 'नहीं' म्हणतो. 'हौ' ऐवजी 'जी हाँ' म्हणतो. 'किताबां', 'औरतां', 'बातां' ही अनेकवचने जिभेवर आली की ती आवरतो. उर्दूवाले म्हणतात, ही बिघडलेली उर्दू. मराठीवाले म्हणतात, हे मोडके हिंदी. आणि आम्ही दोघांपुढेही मान खाली घालतो. वास्तविक 'नक्को' हा आपल्या मराठी 'नको'चा सख्खा भाऊ. 'अब्बीच आया', 'मैंच बोला' यांतला 'च' थेट मराठीतून उचललेला. चारशे वर्षांपूर्वी सुलतान, सूफी आणि शायर या बोलीत लिहीत होते, तेव्हा दिल्लीच्या कवींचा ओढा अजून फारसीकडेच होता. आमची अम्मा बाजारात कानडी बोलायची, कचेरीत मराठी, घरात दखनी आणि मिलादच्या मजलिसीत शक्य तितकी शुद्ध उर्दू. तिला शाळा चौथीपर्यंतच मिळाली. चार भाषा येणाऱ्या त्या बाईला गाव अडाणी समजत असे आणि तीही स्वतःला अडाणीच समजे.

बोरीच्या काठी बसलो असताना आणखी एक गोष्ट सांगावी की सांगू नये, असे मनात चालले होते. शेवटी सांगितली. नळदुर्ग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. अक्कलकोट संस्थान मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यामुळे काही महिने या भागातून दोन राज्यांची हद्द जात होती. आधी रझाकारांच्या जुलमाला भिऊन पलीकडची हिंदू कुटुंबे पोराबाळांसह अलीकडे आली. मग १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेने पहिल्या काही तासांतच नळदुर्गचा किल्ला आणि बोरीवरचा पूल ताब्यात घेतला. पाच दिवसांत हैदराबाद शरण आले. जुलमी राजवट संपली हे बरेच झाले. पण त्यानंतरच्या दिवसांत गावोगावच्या निरपराध मुसलमानांवर जे गुदरले त्याची चौकशी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली. तिने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा गणला. तो अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही.

आमच्या दादीची एक चुलत बहीण त्या दिवसांत दोन लेकरांना घेऊन बोरी ओलांडून आमच्या घरी आली. ती आमच्याकडेच राहिली, आमच्याकडेच वारली. तिच्या नवऱ्याविषयी घरात कोणी विचारत नसे. आम्ही लहान असताना एकदा विचारले तेव्हा दादीने भाकरीचे पीठ मळणे थांबवले, आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा मळू लागली. उत्तर तेवढेच. पण आमच्याच गल्लीत एक देशमुखांकडचे वृद्ध गृहस्थ होते. तेही आधीच्या महिन्यांत त्याच नदीतून, त्याच बाजूने पळून आले होते. संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर बसत आणि ही आजी आत दाराआड बसे. दोघांनी एकमेकांना आपापली हकीकत कधी सांगितली असेल असे वाटत नाही. पण तिच्या हातचा चहा ते रोज घेत आणि तिच्या धाकट्याला गणित त्यांनीच शिकवले. नातीने विचारले, "हे कुठल्या रकान्यात?" आम्ही म्हटले, इतिहासात. दोघांचेही लिही. एकाचेच लिहिलेस तर खोटे होईल.

तिने आणखी एक नोंद केली. १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्याला फाशी दिली गेली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. लिंगायत, मराठा, मारवाडी आणि मुसलमान. जिल्ह्याची शिरगणतीच जणू एका फासावर चढली.

विज्ञानाच्या रकान्यात आम्ही किल्लारी घालायला सांगितले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना लातूर जिल्ह्यात धरणी हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. किल्लारी आमच्यापासून सरळ रेषेत सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. आमच्याकडे भांडी खणखणली, माळवदाची माती पांघरुणावर पडली आणि सगळी गल्ली रस्त्यावर आली. त्या रात्री कोणाचे अंथरूण कोणाच्या दारात पडले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूमी अशी समजूत होती. ६.२ तीव्रतेच्या त्या एका धक्क्याने शास्त्रज्ञांना नकाशे पुन्हा पाहायला लावले. आणि माणसे मेली ती मुख्यतः घरांखाली. जाड दगडी भिंती, मध्ये चुन्याऐवजी माती आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर थडगे झाले. नळदुर्गचा बांध तिथून चाळीसेक किलोमीटरवर. तो उभा राहिला. यात अंतराचा वाटा आहेच, पण दगड कशात सांधला आहे याचाही आहे. हे पोरांना सांगितले तर उद्या घर बांधताना त्यांना आठवेल.

राहिला निसर्ग. अक्कलकोटकडे कोणी निसर्ग पाहायला येत नाही. डोंगर नाही, जंगल नाही. मुरमाड माळ, बाभळी, तरवड, आणि लांबवर ज्वारीचे तुकडे. पण माळ म्हणजे ओसाड नव्हे. या माळांवर काळवीट फिरते, लांडगा फिरतो, चंडोल उभा वर जाऊन गातो. आणि याच जिल्ह्यात माळढोक होता. नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत वजनदारांपैकी एक. १९७० च्या दशकात सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले.

या पक्ष्यासाठी देशात ज्यांनी आवाज उठवला ते डॉ. सलीम अली. त्यांच्या पक्षिप्रेमाची सुरुवात एका चिमणीपासून झाली. पोरवयात त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खाणे हलाल की नाही, अशी शंका आली. मग ती चिमणी घेऊन ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथे त्यांनी पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी पाहिले आणि आयुष्याची दिशा ठरली. आपल्या घरांत पोरे हलाल-हरामचे प्रश्न रोज विचारतात. त्यातला एखादा प्रश्न मोठ्यांनी झिडकारला नाही, तर तो कुठवर जाईल सांगता येत नाही. माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करावे असे सलीम अलींचे म्हणणे होते. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. माळढोकाचे इंग्रजी नाव छापताना एक अक्षर चुकले तर शिवी होते, ही भीतीही त्यामागे होती, असे गमतीने सांगतात.

आज देशभरात मिळून हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले असावेत आणि तेही बहुतेक राजस्थानात. नान्नजला माळढोक दिसणे जवळजवळ थांबले आहे. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, जड देहाला ऐनवेळी वळता येत नाही, आणि तो तारेवर आदळतो. शिवाय माळाला आपण सरकारी कागदावर 'पडीक' म्हटले. ज्याला पडीक म्हटले ते वाचवायला कोण धावणार? आम्हाला अम्माची आठवण झाली. तिच्या चार भाषांनाही गावाने पडीकच म्हटले होते.

कलेच्या रकान्यात नातीला आता जागा पुरेना. आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीला १९१६ मध्ये मेहबूब हुसेन पटेल नावाचे मूल जन्मले. आई मुनेरबी हिच्याकडून त्याने लोकगीते घेतली आणि शाहीर अमर शेख होऊन संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याने सभांची मैदाने दणाणून सोडली. आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात १९१५ मध्ये मकबूल फिदा हुसेन जन्मले. त्यांची आई ते तान्हे असतानाच गेली. पुढे सारे जग त्यांच्या चित्रांपुढे उभे राहिले. उतारवयात त्यांना देश सोडावा लागला आणि २०११ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. आणि सोलापुरात १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ज्याच्या पुण्याईने असे लेख लिहायला आम्हाला मराठीत पाने मिळाली.

कागद शाळेत गेला. त्याला किती गुण मिळाले हे आम्ही विचारले नाही. तिने 'अपना क्या' हा प्रश्न पुन्हा विचारला नाही, एवढे खरे. तो सुटला असे आम्ही म्हणणार नाही. असे प्रश्न एका कागदाने सुटत नाहीत. उद्या कॉलेजात, नोकरीत, भाड्याचे घर शोधताना तो तिला दुसऱ्या कोणी विचारलेला ऐकावा लागेल. पण तेव्हा तिच्याकडे बोरीचे पाणी कुठून येते याचे उत्तर असेल, पोलाद कसे होते याचे असेल, आणि शेजारच्या गणिताच्या मास्तरांचेही असेल. ही उत्तरे वंशावळीतून मिळाली नाहीत. पाहून, विचारून मिळाली. आमच्या मते गाव आपले होते ते याच वाटेने. पाणीमहाल कोणी बांधला हे जाणणाऱ्याचा तो आहे, मग तो कोणत्याही घरात जन्मलेला असो. आणि शेजारच्या मुलाने तो आमच्या नातीइतकाच निरखून पाहिला तर तो त्याचाही तितकाच.

वाचकहो, आपण उदगीरला असाल, मिरजेला असाल, मालेगावला किंवा महाडला असाल. आपल्या तालुक्यातही एखादी नदी असेल, एखादा बांध असेल, दाराआड बसलेली एखादी आजी असेल. नदी थांबेल, बांधही थांबेल. आजी थांबणार नाही. तिच्या तोंडचे शब्द, तिच्या ओव्या, तिने न सांगितलेली हकीकत, आता आहे तोवर एका वहीत उतरवून ठेवा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, दखनीत लिहिलेत तर फारच उत्तम. शुद्धलेखनाची चिंता करू नका. नान्नजच्या माळावर दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या एका माणसाला आम्ही विचारले होते, इथे आता काय पाहता? तो म्हणाला, "रोज येतो, वहीत तारीख घालतो आणि लिहितो, आज दिसला नाही. तेही कोणीतरी लिहून ठेवायला हवे ना?"